राजीनामा द्यायलाही वेळ नाही

पद मिळवायला अक्कल लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. आमच्या इमारतीच्या सभेतून मी एकदा पाणी प्यायला बाहेर गेलो आणि परत आलो तेव्हा सेक्रेटरी झालेलो होतो. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे नाही म्हणणं जिवावर आलं. वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी शिरलो तो एक पुस्तक परत करायला गेलो असताना. माजी विद्यार्थी संघ, सकाळी फिरणाऱ्यांचं मंडळ, ऑफिसातली निरोप समारंभ समिती, प्रत्येकाची हकीकत थोडीफार अशीच. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते मी साऱ्या गावात लष्कराच्या भाकऱ्या भाजत हिंडत होतो. मला मात्र आतून बरं वाटायचं. रस्त्यात कोणी भेटलं की "काय, कामात?" असं विचारायचं आणि मी "विचारू नका" म्हणायचो. हे "विचारू नका" म्हणताना छाती जरा पुढे येते, ती एरवी माझ्या अंगात असेल असं वाटत नाही.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या ताईचे कान बिघडले.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई कामावर जायची तेव्हा मला कडेवर घेऊन फिरली ती ताईच. पुढे ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर झाली आणि निवृत्त होईपर्यंत डोक्यावर हेडफोन चढवून बसली. त्या काळी परगावी फोन करायचा तर ऑपरेटर जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की मध्येच विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" लोकांचं बोलणं चोरून ऐकण्याची तिला बंदी होती, पण वेळ झाली का हे बघायला कान द्यावाच लागे. त्यातून तिने एक शास्त्र बनवलं होतं. माणूस "अजून काय" म्हणाला की त्याचं बोलणं संपलं, पुढे नुसती लाइन अडलेली असते, असं ती सांगायची. आम्ही हसायचो. तिच्या दोन खोल्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहेत, तिथे ती एकटी राहते आणि मजेत राहते.

कानांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा कान गेल्यात जमा आहे आणि डावाही काही महिन्यांचा सोबती आहे. तोवर मशीन लावून ऐकू येईल. पण हे मशीन भांड्याचा आणि माणसाचा आवाज सारखाच मोठा करतं, त्यामुळे दिवसाकाठी तास-दोन तासांच्या वर लावलं की डोकं ठणकायला लागतं. ही बातमी इमारतीत कळली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी लसणाचं तेल सांगितलं. समोरच्या कंत्राटदारांच्या मामेभावाचा कान असाच गेला होता आणि मुलीच्या लग्नात आपोआप परत आला होता, म्हणून त्यांनी एखादं लग्न काढायला सुचवलं. मी सेक्रेटरी या नात्याने सगळे सल्ले लिहून घेतले.

ताईने मात्र एकही ऐकला नाही. दवाखान्यातून घरी येऊन तिने चहा टाकला आणि कप हातात घेऊन ठरवलं की रोज जे काही ऐकू येणार आहे ते आता निवडून ऐकायचं. तेवढंच. मी माझ्या आयुष्यात अनेक ठराव पाहिले, मांडले, अनुमोदन दिलं. पण इतक्या थोडक्यात झालेला आणि इतका काटेकोर पाळलेला ठराव दुसरा नाही.

निवड तिची तिची होती आणि कोणाला समजेल अशी नव्हती. बातम्या बंद. मिक्सर बंद, ती खलबत्त्यात कुटू लागली, कारण मशीन काढून ठेवल्यावर कुटलेलं कळत नाही पण वास येतो म्हणे. एक्स्चेंजमधली जुनी मैत्रीण आठवड्यातून एकदा फोन करायची, ती राहिली. समोरच्या बेकरीचं शटर सकाळी वर जातं तो आवाज राहिला. आणि खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई राहिल्या. या बाईंनी पन्नाशीत व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. त्या वाजवायला बसल्या की गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद होत आणि कुत्री उठून दुसरीकडे जात. ताई त्या वेळेला मशीन लावून खिडकी उघडायची. मी एकदा न राहवून विचारलं तेव्हा म्हणाली की बाई एक ना एक दिवस नीट वाजवणार आहेत, आणि त्या दिवशी कोणीतरी ऐकणारं जागेवर हवं.

काकू तिच्याकडे गुडघ्यांविषयी बोलायला जायच्या. ताईने त्यांना तोंडावर सांगितलं की तुमचे गुडघे मला पाठ झालेत, दुसरं काही असेल तर सांगा. काकू फणकाऱ्याने निघून गेल्या. पण आठवडाभराने परत आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, आपल्या वडिलांनी आपल्याला शाळेतून का काढलं होतं हे एका दमात सांगितलं आणि डोळे पुसत घरी गेल्या. पन्नास वर्षांत त्यांनी ते कोणालाही सांगितलेलं नव्हतं. ताईची ही करामत पाहून मी थक्क झालो. आमच्या सभेत माणूस तासभर बोलतो आणि शेवटी त्याला काय म्हणायचं होतं हे इतिवृत्त लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आता या निवडीत माझं नाव पहिलं असणार हे मी गृहीत धरलं होतं. सख्खा भाऊ, तोही कडेवर वाढवलेला. रविवारी नेहमीप्रमाणे दोन सभांच्या मधल्या वेळात मी तिच्याकडे गेलो, पंखा लावला आणि सांगायला सुरुवात केली. लिफ्टवाल्या कंपनीने कसं फसवलं, पाण्याच्या पंपाचं काय झालं, पार्किंगमध्ये कोणी कोणाच्या गाडीमागे गाडी लावली. ताई वाटाणे सोलत होती. तिने हात पुसले, कानातलं मशीन काढलं, डबीत कापसावर ठेवलं, डबीचं झाकण लावलं आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळली.

मला वाटलं, बॅटरी संपली असेल. मी जरा मोठ्याने बोललो.

"ताई, मी बोलतोय."

"माहीत आहे," ती वर न बघता म्हणाली. "दिसतंय."

माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. तिने डबी उघडली, मशीन पुन्हा लावलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तू आलास की लिफ्ट येते, पंप येतो, पार्किंग येतं. तू कधी येणार आहेस?"

माणसाचा अपमान व्हावा, पण तो असा वाटाण्यांच्या टोपलीसमोर होऊ नये. मी चहा न घेता उठलो. घरी येऊन हिला सांगितलं. मला वाटलं होतं, ही माझी बाजू घेईल. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की ताईंचं नशीब चांगलं, त्यांच्याकडे मशीन तरी आहे काढून ठेवायला. मग आत गेली आणि दाराआडून म्हणाली, "डॉक्टर काही महिने म्हणालेत. नंतर जाऊन काय बोलणार आहात तिच्याशी?"

ते वाक्य मला लागलं. ताईच्या कानात शेवटच्या दिवसांत बेकरीचं शटर असेल, वकीलबाईंचं बेसूर व्हायोलिन असेल आणि माझा आवाज नसेल, या कल्पनेने मला जेवण जाईना. मी ताट तसंच ठेवून उठलो आणि ठरवलं की उद्यापासून सगळी पदं सोडायची आणि रोज संध्याकाळी ताईकडे जाऊन बसायचं. माझ्या मते काम दोन दिवसांचं होतं.

सुरुवात वाचनालयापासून केली. मोठं भावपूर्ण पत्र लिहिलं, सेवेची संधी दिल्याबद्दल आभार मानले, जड अंतःकरणाने वगैरे शब्द वापरले आणि सभेत वाचून दाखवलं. कोणीतरी मला थांबवेल म्हणून शेवटच्या ओळीला मी थोडा थांबलोही. अध्यक्ष म्हणाले, "मंजूर. पुढचा विषय, पंखा." सुंठीवाचून खोकला गेला असा भाव सगळ्यांच्या तोंडावर होता. त्या पंख्यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली आणि मला उठून जाणं बरं दिसेना, म्हणून मी ती पूर्ण ऐकली.

इमारतीत उलट झालं. तिथे मला कोणी सोडेना. आमच्याकडे तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांना सगळे उपनियम म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा. त्यांनी माझं पत्र चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि खेदाने मान हलवली. सेक्रेटरीचा राजीनामा फक्त सर्वसाधारण सभाच मंजूर करू शकते. सभा फक्त सेक्रेटरीच बोलावू शकतो. म्हणजे मला माझ्याच सहीने सगळ्यांना कळवायला हवं होतं की मी जातोय, तरी कृपया यावे. मी नोटीस काढली. लोक आले नाहीत. गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब झाली. दुसरी नोटीस काढली, तीत एक शब्द चुकीचा पडला म्हणून उपनियमांनी ती रद्द ठरवली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण नकटीचं निदान लग्न तरी होतं.

तिसऱ्या सभेला मात्र झाडून सगळी इमारत हजर. कारण मधल्या काळात बातमी पसरली होती की मला काहीतरी गंभीर झालंय. कोणी माझ्याकडे निरखून पाहत होतं, कोणी बसायला खुर्ची पुढे करत होतं. कंत्राटदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मामेभावाची दुसरी एक हकीकत सांगितली, तीत मामेभाऊ वाचला नव्हता. मी सांगितलं की मी ठणठणीत आहे, मला फक्त माझ्या बहिणीपाशी बसायचंय. सभेत कुजबुज झाली. बहिणीपाशी बसायला राजीनामा कशाला, हे कोणालाच पटेना. अध्यक्ष म्हणाले की बसायला काय, कधीही बसता येतं.

मग भाषणं झाली. माझ्यासारखा सेक्रेटरी होणे नाही, असं सहा जण म्हणाले. त्यातल्या दोघांनी मागच्याच महिन्यात मला जिन्यात अडवून शिव्या दिल्या होत्या. शेवटी एकमताने ठराव झाला की माझं मन वळवण्यासाठी एक समिती नेमावी. समितीला एक निमंत्रक लागतो. पत्रव्यवहाराचा अनुभव इमारतीत मला एकट्यालाच असल्यामुळे तो मीच नेमलो गेलो. हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही, पण मी माझंच मन वळवण्यासाठी तीन बैठका बोलावल्या, स्वतःला नकार दिला आणि तसा अहवाल सादर केला. उपनियमांनी अहवालाच्या भाषेचं कौतुक केलं.

ऑफिसातली निरोप समारंभ समिती सोडतो म्हटल्यावर तर साहेब भावनाविवश झाले. समितीचा इतका जुना माणूस निरोप न घेता कसा जाणार? मला समितीतून निरोप देण्याचा समारंभ ठरला. आता समारंभाचं काम बघायचं कोणी? मी माझ्या निरोपासाठी खुर्च्यांची व्यवस्था केली, माझ्याविषयीचं मानपत्र लिहिलं, आणि त्यात स्वतःला "अबोल कार्यकर्ता" असं म्हटलं, कारण दरवर्षी तोच मजकूर असतो.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट झाली. ज्या ताईसाठी मी हा उद्योग मांडला होता, तिच्याकडे मी कित्येक आठवडे फिरकलोच नाही. पूर्वी निदान दोन सभांच्या मध्ये तरी जायचो. आता दोन सभांच्या मध्ये राजीनाम्याची सभा असायची. ही रोज संध्याकाळी ताईकडे जाऊन यायची आणि परत येऊन मला काही सांगायची नाही. विचारलं तर म्हणायची, बरी आहे. मीही मग घाईत असायचो.

शेवटी इमारतीने माझा राजीनामा मंजूर करायचं ठरवलं, आणि त्याआधी सत्कार. रविवारी संध्याकाळी गच्चीवर खुर्च्या मांडल्या. मला मधोमध बसवलं. टेबलावर कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं, ते घड्याळ आहे हे मला माहीत होतं कारण ते मीच आणलं होतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते या इमारतीचा पाया खणला गेला तिथपासून सुरुवात करतात. पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला असेल नसेल, एवढ्यात ही गच्चीच्या दारात दिसली. ती खुर्च्यांच्या रांगेतून सरळ माझ्यापर्यंत आली आणि वाकून म्हणाली की ताईंना आज दवाखान्यात नेलं होतं. डावा कान डॉक्टरांना वाटला होता त्याच्या आधी चाललाय. आता मशीन लावूनही बोलणं फक्त शांत खोलीत, जवळूनच कळतं. तेही किती दिवस, सांगता येत नाही.

मी उठलो. अध्यक्ष दुसऱ्या मजल्यावर होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "माफ करा, मला वेळ नाही." उपनियम ओरडले की ठराव अजून मांडलेला नाही, आत्ता गेलात तर राजीनामा बेकायदा ठरेल. तो ठरलाही. कागदोपत्री मी आजही त्या इमारतीचा सेक्रेटरी आहे. मी जिना उतरताना मागून टाळ्या ऐकू आल्या, त्या बहुतेक चुकून वाजल्या असाव्यात.

ताई खिडकीपाशी बसली होती. मला पाहून तिने डबी उघडली, मशीन लावलं आणि समोरची खुर्ची आपल्या गुडघ्याला टेकेल इतकी जवळ ओढली. मी बसलो. आणि तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. इतकी वर्षं मी बोलत होतो, पण विषयपत्रिकेशिवाय कधी बोललोच नव्हतो. सवयीने म्हणालो, "आज सभेत..." आणि ताईचा हात कानाकडे गेला. मी गप्प झालो. तिचाही हात तिथेच थांबला.

मग मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "ताई, मला भीती वाटते. तुला माझा आवाज ऐकू येणार नाही आणि मी तुझ्याशी काही बोललेलोच नसेन."

ताईने हात खाली घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज एक्स्चेंजमधला होता. "हं," म्हणाली, "आता आलास."

त्यानंतर मी बोलत सुटलो. आई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो आणि का रडलो नव्हतो, ते सांगितलं. हिच्याशी लग्न ठरलं तेव्हा मला मुलगी पसंत होती पण तिला मी पसंत आहे की नाही हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही, तेही सांगितलं. मध्येच ताई घड्याळाकडे बघून म्हणाली, "तीन मिनिटं झाली. वाढवते." राजीनाम्याची सगळी कथाही सांगितली, माझंच मन वळवणाऱ्या माझ्या समितीसकट. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. खालून वकीलबाईंनी वाजवायला घेतलं तेव्हा तिने उठून खिडकी लावली. मी म्हणालो, अगं, राहू दे, तुला ऐकायचं असेल. तर म्हणाली, त्यांना अजून वेळ आहे.

रोज संध्याकाळी जायला लागलो. लोक रस्त्यात "काय, कामात?" विचारायचे, मी "नाही" म्हणायचो आणि ते चिंतेत पडायचे. ताईला मी मनापासून दाद देतो. कान जात असताना रडत बसली नाही, सगळ्या जगाचं ऐकून घेण्याचा आटापिटाही केला नाही. जेवढं होतं तेवढं हातात धरलं आणि ते कशावर घालवायचं हे स्वतः ठरवलं. मला धडधाकट दोन कान असून हे जमलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी तिला बेकरीचं शटर ऐकू आलं नाही. तिने खिडकीतून पाहिलं तर ते वर गेलेलं होतं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा हे तिनेच मला सांगितलं, आणि मशीनची डबी वरच्या फळीवर ठेवून दिली. मी रडलो. तिने मला रडू दिलं, मग माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "सावकाश बोल. ओठ बघते."

तेव्हापासून असं चाललंय. खुर्च्या समोरासमोर. एकेक शब्द तोंडात नीट घडवून बोलायचा. तिला कळला नाही की पुन्हा. दुसरीकडे बघत बोलता येत नाही, हातात काम घेऊन बोलता येत नाही, आणि ज्यात काही नाही असं वाक्य तिसऱ्यांदा उच्चारायची आपल्यालाच लाज वाटते. साध्या गोष्टीला अर्धी संध्याकाळ जाते.

परवा आम्ही असेच बसलो होतो आणि दारात अध्यक्ष आणि उपनियम उभे. इमारतीच्या रंगकामासाठी नवी समिती होतेय आणि माझ्याशिवाय पान हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय मी कायद्याने सेक्रेटरी आहेच. मी दारातूनच म्हणालो की आत्ता कामात आहे.

"कसल्या कामात?" अध्यक्षांनी खोलीत डोकावून विचारलं.

"ताईशी बोलतोय."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग उपनियम, माझी कीव आल्यासारखे, हळूच म्हणाले, "अहो, पण त्यांना तर आता काहीच ऐकू येत नाही."

"म्हणूनच तर वेळ लागतो," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.